घरातली घासाघीस : वाचकांचे प्रश्न आणि अर्थशास्त्राच्या बाईंची उत्तरं

गेल्या अंकात मी कुटुंबातल्या वाटाघाटींवर लिहिलं होतं. नवरा-बायको एका छपराखाली राहिले म्हणून त्यांच्या इच्छा एक होत नाहीत, आणि घरात शेवटी कुणाचं किती चालतं हे बऱ्याच अंशी, उद्या बोलणं फिसकटलं तर कुणाच्या हाती काय उरेल, यावर ठरतं, असा त्या लेखाचा मथितार्थ. हाच विषय मी वर्गात शिकवते आणि संशोधनही यातच करते. पत्रं भरपूर आली. काही रागावलेली, काही हळवी, आणि एकाने तर सहीच्या जागी ‘एक सुखी नवरा’ असं लिहिलंय. संपादकांनी निवडून दिलेल्या पत्रांना ही उत्तरं.

मॅडम, लग्नाचा बाजार मांडताना तुम्हा अर्थतज्ज्ञांना काहीच वाटत नाही का? माणसं काय दुकानातून निवडून आणायची असतात? — एक निवृत्त शिक्षक

सर, माणूस आणि वस्तू यांतला जो फरक तुम्हाला बोचतोय, त्याच फरकावर हे सगळं संशोधन उभं आहे. खुर्ची मला आवडली की ती घरी येते. खुर्चीने मला पसंत करायची गरज नसते. लग्नात मात्र तुम्ही कुणाला निवडलंत एवढ्यावर भागत नाही. तिनेही तुम्हाला निवडावं लागतं, आणि तिच्यासमोर तुमच्याहून बरं स्थळ असून चालत नाही. दोन्ही बाजूंनी होकार लागतो, तोही इतर सगळ्यांच्या होकार-नकारांच्या गर्दीत. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९७३ साली लग्नावरचा आपला पहिला शोधनिबंध छापला, तेव्हा नाकं मुरडणारे पुष्कळ होते. पुढे १९९२ साली त्यांना नोबेल मिळालं, त्यात कुटुंबावरच्या या कामाचाही वाटा होता.

पण मला स्वतःला जास्त मजा येते ती त्याआधीच्या, १९६२ सालच्या एका छोट्या निबंधात. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोघा गणितज्ञांनी एक कोडं घातलं. समजा काही मुलगे आहेत आणि तितक्याच मुली. प्रत्येकाच्या मनात पसंतीचा क्रम ठरलेला आहे. सगळ्यांची लग्नं अशी लावता येतील का, की नंतर एखादा नवरा आणि दुसऱ्याचीच बायको ‘आपण दोघं एकमेकांसाठी जास्त बरे होतो’ म्हणून निघून जाणार नाहीत? त्यांचं उत्तर होतं, हो, नेहमीच. आणि रीतही सोपी. प्रत्येक मुलाने आपल्या पहिल्या पसंतीच्या मुलीला विचारायचं. मुलीने आलेल्यांपैकी सगळ्यांत बऱ्याला धरून ठेवायचं, पण पक्का शब्द द्यायचा नाही, बाकीच्यांना नकार. नकार मिळालेल्यांनी पुढच्या फेरीत आपल्या दुसऱ्या पसंतीकडे जायचं. तिथे आधी धरून ठेवलेल्यापेक्षा नवा बरा निघाला तर जुना सुटतो. असं करत करत जेव्हा कुणालाच नकार मिळत नाही, तेव्हा थांबायचं.

आता यातली गोम. अशा टिकाऊ जोड्या लावायच्या एकाहून जास्त तऱ्हा असतील, तर विचारणाऱ्या बाजूला त्यांतला सर्वांत चांगला जोडीदार मिळतो आणि वाट बघणाऱ्या बाजूला सर्वांत वाईट. पसंती त्याच, माणसं तीच; फक्त पुढाकार कुणाचा एवढं बदललं की निकाल फिरतो. मुलींनी आपण होऊन विचारू नये हा दंडक ज्या ज्या समाजांत आहे, तिथे त्याची किंमत कोण चुकवतं हे यावरून ओळखा. वर्गात फळ्यावर तीन मुलगे आणि तीन मुली मांडून मी हे दोन्ही बाजूंनी करून दाखवते. दुसऱ्या वेळी मुलींनी विचारलं की उत्तर बदलतं, आणि मागच्या बाकांवरही कुजबुज सुरू होते.

अमेरिकेत नव्या डॉक्टरांना इस्पितळं नेमून देण्याची व्यवस्था याच जातीच्या रीतीवर चालते. तिच्यात सुधारणा करणारे अ‍ॅल्विन रॉथ आणि मूळ निबंधातले शॅपली यांना २०१२ साली नोबेल मिळालं. गेल त्याआधीच, २००८ साली वारले होते. आणि प्रत्यक्ष जोड्यांचं म्हणाल, तर बॉस्टन आणि सॅन डिएगोमधल्या ऑनलाइन डेटिंगच्या नोंदी घेऊन तीन संशोधकांनी लोकांच्या पसंती मोजल्या आणि गेल-शॅपलींच्या रीतीने कागदावर जोड्या लावून पाहिल्या (निबंध २०१० चा). वय, शिक्षण अशा बाबतींत त्या जोड्या खऱ्या लग्नांशी बऱ्यापैकी जुळल्या. ‘सारख्याला सारखं’ मिळतं ते फक्त घरच्यांच्या दबावाने किंवा ओळखीपाळखीच्या वर्तुळामुळे, असं म्हणायची त्यामुळे सोय राहिली नाही.

आमच्या घरात कसलीही घासाघीस होत नाही. पगार झाला की मी तो बायकोच्या हातात देतो, पुढचं सगळं ती बघते. तुमचा सिद्धांत आम्हाला लागू नाही. — एक सुखी नवरा

सुखी आहात, आनंद आहे. पण भांडण होत नाही याचा अर्थ घासाघीस होत नाही असा नव्हे. कोणता विषय काढला तर गाडी कुठे जाऊन अडकते हे दोघांनाही पाठ असतं, म्हणून तो निघतच नाही. असे न निघणारे विषय प्रत्येक घरात असतात, आणि घासाघीस खरं तर तिथे कधीच संपलेली असते.

तुमच्यासारखंच एकेकाळी अर्थशास्त्रही मानायचं. घर म्हणजे एक डोकं, एक इच्छा, एक खिसा. अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९५६ साली घरातल्यांचं एकमत होतं असं धरून चालायला परवानगी दिली. बेकर यांनी त्यात सगळ्यांचं भलं पाहणारा, ज्याच्या हाती बहुतेक कमाई आहे असा कुटुंबप्रमुख आणून बसवला. या चित्रातून एक गोष्ट आपोआप निघते: पैसा कुणाच्या हातात पडतो याने काही फरक पडू नये. नवऱ्याकडे आला काय आणि बायकोकडे आला काय, खर्च तोच व्हायला हवा.

हे ताडून बघायची संधी ब्रिटनने दिली. तिथे मुलांसाठी आयकरात सूट असायची. ती बहुतेक घरांत बापाच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या करातून वळती व्हायची, म्हणजे फायदा त्याच्या पाकिटात. १९७७ ते १९७९ या काळात ती सूट टप्प्याटप्प्याने काढली आणि तिच्या जागी मुलांसाठीचा भत्ता रोख स्वरूपात थेट आईला द्यायला सुरुवात झाली. घर तेच, मुलं तीच, बदलला फक्त हात. शेली लुंडबर्ग, रॉबर्ट पोलॅक आणि टेरेन्स वेल्स यांनी १९९७ च्या निबंधात आधीच्या आणि नंतरच्या खर्चाच्या नोंदी तपासल्या, आणि त्यासाठी कपडे निवडले. ही निवड मला फार हुशारीची वाटते. घरात आणलेलं खाणं कुणाच्या पोटात गेलं हे हिशेबाच्या वहीत कळत नाही. पुरुषांचे, बायकांचे आणि मुलांचे कपडे मात्र वेगळे लिहिलेले असतात. पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च स्पष्ट वाढलेला दिसला. ‘एक खिसा’ हे गृहीत तिथेच फाटलं.

आता तुम्ही पगार बायकोच्या हाती देता, हे चांगलंच. फिलिपाइन्समध्येही घरचा पैसा सांभाळायचा मान पुष्कळदा बायकोकडे असतो. नावा अश्रफ यांनी तिथे जोडप्यांवर एक प्रयोग केला, तो २००९ साली छापून आला. बचतीची सूत्रं बायकोच्या हाती असलेल्या नवऱ्यांना थोडे पैसे मिळाले आणि निर्णय गुप्त राहणार होता, तेव्हा त्यांचा कल ते स्वतःच्या खात्यात टाकण्याकडे होता. बायकोशी बोलून, तिच्या समोर ठरवायचं म्हटल्यावर मात्र पैसे बायकोच्या खात्याकडे वळले. तुम्ही तसेच आहात असं मी म्हणत नाही. बोनसचा आकडा तिला माहीत आहे का, एवढंच विचारते.

मुलगी लहान असताना मी नोकरी सोडली. तेव्हा दोघांनी मिळून, शांतपणे विचार करून ठरवलं होतं. ‘माझं ते तुझंच’ असं हे म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे. आज घर कुठे घ्यायचं, मुलीला कुठे घालायचं, सगळं हेच ठरवतात. भांडत नाहीत, फक्त ऐकत नाहीत. यात माझं काय चुकलं? — नाव छापू नये

ताई, तुमचं काही चुकलं नाही आणि तुमचे यजमान खोटंही बोलले नव्हते. म्हणूनच तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

१९८०-८१ मध्ये दोन जोड्यांनी, मेरिलिन मॅन्सर आणि मरे ब्राउन यांनी एकीकडे, मार्जोरी मॅकएलरॉय आणि मेरी जीन हॉर्नी यांनी दुसरीकडे, गणितज्ञ जॉन नॅश यांचं १९५० सालचं वाटाघाटीचं गणित उचलून घरात आणलं. दोघं एकत्र राहिल्याने जो फायदा होतो तो कसा वाटला जाईल? तर एकत्र न राहिल्यास प्रत्येकाची काय स्थिती असेल, ती पायरी धरून. ज्याची पायरी उंच, त्याचा वाटा मोठा. या दोन्ही जोड्यांच्या मांडणीत ती पायरी म्हणजे घटस्फोट.

लुंडबर्ग आणि पोलॅक यांनी १९९३ मध्ये यावर योग्य शंका काढली. मुलीला कुठे घालायचं यावरून कोण कोर्टात जातं? खऱ्या घरात बोलणं फिसकटलं की माणसं त्याच घरात, पण आपापल्या कप्प्यात जगतात. तो लागतील तेवढेच पैसे टेबलावर ठेवतो, ती लागेल तेवढंच काम करते, बाकी मौन. अशा वेळी ज्याच्या कप्प्यात पैसा असतो त्याचा संसार तरी चालू राहतो. ‘भांडत नाहीत, फक्त ऐकत नाहीत’ हे तुमचं वाक्य मला त्या निबंधाच्या अगदी जवळचं वाटलं.

नोकरी सोडायचा निर्णय घेताना तुम्ही दोघांनी घराची बेरीज पाहिली, आणि बेरीज बरोबरही असेल. पण त्याच निर्णयाने पुढच्या सगळ्या निर्णयांतली तुमची पायरी खाली गेली. कामापासून जितकी वर्षं दूर, तितकं परतणं कठीण. ओळखी तुटतात, हातातलं कसब शिळं होतं. ‘माझं ते तुझंच’ या शब्दाला करार म्हणून काही बळ नसतं. आज दिलेला शब्द उद्याच्या बदललेल्या सौदाशक्तीपुढे, म्हणजे घासाघिशीतल्या ताकदीपुढे, टिकेल याची हमी कुणी द्यायची? हा पेच आमच्या क्षेत्रात आजही जोरात अभ्यासला जातोय. आणि त्याची दुसरी बाजू अशी की हे आधीच ओळखणाऱ्या बायका घराच्या हिताचा निर्णयसुद्धा टाळतात, कारण त्यात त्यांचा स्वतःचा पाय घसरतो.

बाहेर पडायला दार असणं याला केवढी किंमत असते त्याचा एक दाखला देते. अमेरिकेत १९६९ साली कॅलिफोर्नियाने नवा कायदा केला आणि मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं: घटस्फोटासाठी जोडीदाराची संमती लागेनाशी झाली. बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वुल्फर्स यांनी २००६ मध्ये दाखवलं की जिथे असा कायदा आला तिथे घरातली मारहाण सुमारे ३० टक्क्यांनी घटली आणि स्त्रियांच्या आत्महत्या ८ ते १६ टक्क्यांनी कमी झाल्या. यात निघून गेलेल्या आल्याच. पण दार उघडलं म्हणजे सगळ्या बाहेर पडल्या असं नव्हे. दार उघडं आहे एवढं दोघांना माहीत असणं आतलं वागणं बदलायला पुरेसं ठरू शकतं.

मी तुम्हाला दार दाखवत नाही. पण पुढचा मोठा निर्णय, घराचा, बदलीचा, कर्जाचा, जेव्हा समोर येईल आणि तुमच्या सहीची किंवा तुमच्या श्रमांची गरज लागेल, तेव्हा जुना शब्द कागदावर आणायला सांगा. घर दोघांच्या नावावर, दरमहा ठरावीक रक्कम तुमच्या एकटीच्या खात्यात, निवृत्तीची तरतूद तुमच्याही नावाने. सही झाल्यानंतर नको, आधी. खात्याची गोष्ट क्षुल्लक वाटत असेल तर हे ऐका: मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी बायकांच्या स्वतःच्या खात्यात जमा केली आणि खातं कसं वापरायचं हे त्यांना समजावून दिलं, तेव्हा त्या जास्त काम करू लागल्या, सरकारीच नव्हे तर बाहेरचंही. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२१ मध्ये छापून आला.

दोघांत कितीही ओढाताण झाली तरी पैसा घरातच राहतो ना? मग घराचं नुकसान ते काय? — एक वाचक

फ्रान्सचे पिएर-आंद्रे शिआपोरी यांनी १९८८ पासून जी मांडणी उभी केली, तिचंही गृहीत तुमच्यासारखंच आहे: वाटा कुणाला किती हा वाद असला तरी घर हाती आलेलं वाया घालवत नाही. पुष्कळ ठिकाणी ते खरं ठरतं. पण बुर्किना फासोमध्ये एकाच घरात नवऱ्याचं शेत वेगळं आणि बायकोचं वेगळं असतं. ख्रिस्तोफर उड्री यांनी १९९६ मध्ये एकाच घरातल्या, एकाच वर्षी, एकच पीक घेतलेल्या शेतांची तुलना केली. बायकांच्या शेतात उतारा बराच कमी. जमीन वाईट म्हणून नव्हे. खत जवळपास सगळं पुरुषांच्या शेतात पडत होतं आणि मजूरही तिकडेच जास्त. तेच खत आणि तेच हात दोन्ही शेतांत नीट वाटले असते तर घराचं उत्पन्न सुमारे ६ टक्क्यांनी वाढलं असतं. मग बायको आपलं शेत नवऱ्याला खंडाने का देत नाही? कदाचित जे सोडलं ते परत मिळायची खात्री नाही, म्हणून. वरच्या ताईंच्या नोकरीसारखंच.

मुली कमी झाल्या तर मागणी-पुरवठ्याच्या नियमाने त्यांची किंमत वाढेल आणि त्यांचंच भलं होईल, असं आमचे सर म्हणतात. खरं का? — बी.ए. अर्थशास्त्र, दुसरं वर्ष

अर्धं खरं. जिथे माणूस स्वतःच्या होकाराचा मालक आहे, तिथे दुर्मीळ बाजूचं पारडं जड होतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा-चौदा लाख सैनिक मेले. ज्या भागांत पुरुष जास्त मेले, तिथे उरलेल्या पुरुषांना आपल्याहून वरच्या सामाजिक स्तरातल्या बायका मिळू लागल्या. उलट्या दिशेचा दाखला अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या मुलांचा. जोशुआ अँग्रिस्ट यांनी २००२ मध्ये दाखवलं की ज्या समुदायांत मुलींमागे मुलगे जास्त, तिथे मुलींची लग्नं जास्त झाली आणि त्यांचं घराबाहेर काम करणं घटलं. हे ‘भलं’ आहे की नाही ते तुम्हीच ठरवा. आणि होकार मुलीचा नसून तिच्यावर हक्क सांगणाऱ्यांचा असेल, तर वाढलेली किंमत त्यांच्या खिशात जाते आणि तिच्यावरचा पहारा तेवढा कडक होतो. सरांना माझा नमस्कार सांगा.

माझी बायको माझ्यापेक्षा जास्त कमावते. तरी घरकाम जास्त तीच करते, मी सांगत नसताना. तुमच्या सूत्राने तर उलट व्हायला हवं. — एक अभियंता

प्रश्न चोख आहे. मारियान बर्ट्रांड, एमीर कामेनिका आणि जेसिका पॅन यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जोडप्यांचे आकडे काढले. घरच्या कमाईत बायकोच्या वाट्याने निम्म्याची रेषा ओलांडली की जोडप्यांची संख्या एकदम घसरते, आणि नवऱ्याहून जास्त कमावणाऱ्या बायका घरकामातही जास्त वेळ घालतात असं त्यांना दिसलं. घसरणीबद्दल पुढे वाद झाला. फिनलंडच्या नोंदींवरून असं निघालं की एकत्र धंदा करून अगदी सारखी कमाई दाखवणारी जोडपी रेषेवर गोळा होतात, म्हणून ती घसरण तशी दिसते. वाद अजून मिटलेला नाही.

पण तुमच्या घरातलं कोडं तेवढ्याने सुटत नाही. बिना अगरवाल यांनी १९९७ मध्ये एक गोष्ट ठासून सांगितली: घासाघीस कशावर होऊ शकते आणि कशावर नाही, हेच मुळी सामाजिक रूढी ठरवतात. सौदाशक्ती जो विषय टेबलावर आहे त्यावर चालते. घरकाम कुणाचं, हा विषय तुमच्याकडे टेबलावर आलेलाच नाही. तुम्ही लिहिता, ‘मी सांगत नसताना’. ‘नको करूस, मी करतो’ असं कधी म्हणालात का, याचा पत्रात उल्लेख नाही.

मी याच विषयावर पीएच.डी. करतेय. ‘घरात निर्णय कोण घेतं?’ या प्रश्नाला सगळे ‘दोघं मिळून’ म्हणतात. काय करू? — संशोधक विद्यार्थिनी

तो प्रश्नच काढून टाक. पहिलं म्हणजे दोघांना वेगवेगळं बसव, शक्यतो एकाच वेळी, दोन खोल्यांत, नाहीतर एक जण दुसऱ्याला उत्तरं सांगून ठेवतो. बायकोला विचारलेल्या प्रश्नावर नवरा दारातून ‘अगं, सांग ना, दोघं मिळून’ म्हणतो, हा अनुभव तुला येणारच. त्याची नोंद समासात कर, तोही विदा (डेटा) आहे. मग कोण ठरवतं असं न विचारता, शेवटी काय घडलं ते विचार. मागची मोठी खरेदी कोणती, ती पहिल्यांदा कुणी सुचवली, दुसऱ्याने काय म्हटलं, पैसे कुठल्या खात्यातून गेले. न झालेली खरेदी तर आवर्जून विचार: काय घ्यायचं होतं आणि राहून गेलं, आणि का. कपडे, मोबाइलचं रिचार्ज, स्वतःच्या औषधांचा खर्च असे एकट्या माणसाला चिकटणारे खर्च वेगळे लिहून घे. नवऱ्याची कमाई बायकोला विचार आणि बायकोची नवऱ्याला, आणि दोन्ही आकडे खऱ्या आकड्यांशेजारी मांड. दोन कागदांवरची उत्तरं जुळत नाहीत असं दिसलं तर ती ‘दुरुस्त’ करायला पुन्हा जाऊ नकोस. तुझा प्रबंध त्या फरकातच आहे.